शनी मोठा दिसावा म्हणून ४ मिमीचा आयपीस घेऊ का?

नमस्कार ताई,

पत्रात दुर्बिणीचे सगळे आकडे दिलेत ते फार बरं केलंत, नाहीतर नुसतं "दुर्बीण आहे, आयपीस सुचवा" एवढ्यावर काहीच सांगता येत नाही. बाकीच्या वाचकांसाठी पत्र थोडक्यात सांगतो. ताईंकडे १५० मिमी आरशाची आणि १२०० मिमी फोकल लेंग्थची (आरशापासून प्रतिमा जिथे तयार होते तिथपर्यंतचं अंतर) डॉब्सोनियन, म्हणजे हाताने ढकलून फिरवायची आरशाची दुर्बीण आहे, घराच्या अंगणातूनच बघतात आणि आजूबाजूला दिव्यांचा उजेड बऱ्यापैकी आहे. दुर्बिणीसोबत २५ आणि १० मिमी फोकल लेंग्थचे दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, आले. २५ मधून शनी "अगदीच इवलासा" दिसतो, १० मधून मोठा दिसतो पण धूसर, त्यात चष्मा लावून १० मिमीमधून बघणं जवळजवळ अशक्य, आणि अकरा वर्षांचा मुलगा डोळा लावेपर्यंत ग्रह निघून गेलेला असतो. चष्म्याला सिलिंडर नंबर आहे. आता त्यांच्या मनात दोन गोष्टी आहेत, एकतर ४ मिमीचा आयपीस घ्यायचा म्हणजे शनी एकदाचा मोठा दिसेल, किंवा पाच प्लोसल (एका जुन्या साध्या रचनेचे) आयपीस, एक बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग) आणि रंगीत फिल्टर अशी अख्खी पेटीच घ्यायची. आणि जुन्या १० मिमीचं काय करायचं, ठेवायचा का विकायचा, हाही प्रश्न आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. ४ मिमी नको, पेटीही नको. एकच आयपीस घ्या, ८ मिमीच्या आसपासचा, ज्याचा आय रिलीफ (डोळा काचेपासून किती लांब ठेवता येतो ते अंतर) १५ ते २० मिमी असेल आणि फील्ड (आत दिसणाऱ्या गोलाची रुंदी) ६० अंश किंवा त्याहून जास्त. मग काही महिने तोच वापरा. पुढचा कुठला घ्यायचा ते तेव्हा तुमचं तुम्हालाच कळेल. आता असं का म्हणतोय ते नीट सांगतो, कारण कारण कळलं की पुढच्या वेळी कुणाला विचारायची गरज पडणार नाही.

मॅग्निफिकेशनचं गणित तुम्हाला माहीत आहेच, दुर्बिणीच्या फोकल लेंग्थला आयपीसच्या फोकल लेंग्थने भागायचं. तुमच्या २५ मिमीने ४८ पट, १० मिमीने १२० पट, आणि तो ४ मिमी लावला तर ३०० पट. आरशाच्या दर मिलिमीटरला २ पट अशी वरची मर्यादा साधारण धरतात, म्हणजे १५० मिमीला ३०० पट, त्यामुळे कागदावर ४ मिमी अगदी काठावर बसतो. पण ती मर्यादा आरशाची झाली, आपल्या डोक्यावर जी हवा आहे तिची वेगळीच मर्यादा असते आणि बहुतेक रात्री तीच आधी आड येते. वातावरणात गरम-थंड हवेचे थर एकमेकांत मिसळत असतात, त्यातून येताना ग्रहाचा प्रकाश सतत थरथरतो, यालाच सीइंग म्हणतात. साधारण रात्री १५० ते २०० पटीच्या पुढे गेलं की चित्र फक्त मोठं होतं, त्यात नवीन काही दिसत नाही, आणि ३०० पटीचा खरा उपयोग होईल अशा रात्री अगदी मोजक्या असतात. म्हणजे जो आयपीस वर्षातला बहुतेक काळ डबीतच राहणार तो पहिल्यांदा घ्यायचा नाही.

आणि एक सांगू का, ग्रह "इवलासा" दिसतो यात डोळ्याच्या सवयीचाही मोठा भाग असतो. गुरू पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा त्याची चकती साधारण ४५ आर्कसेकंद असते (अंशाचा साठावा भाग आर्कमिनिट, त्याचा साठावा भाग आर्कसेकंद), ४८ पटीने ती ३६ आर्कमिनिट होते, म्हणजे साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्रापेक्षा थोडी मोठीच! पण काळ्या गोलात एकटाच लटकलेला असल्याने तो कुणालाच चंद्राएवढा वाटत नाही. हे पटायला वेळ लागतो पण खरं आहे, गुरू आणि चंद्र आकाशात जवळ असतील तेव्हा एक डोळा आयपीसला लावून आणि दुसरा उघडा ठेवून तुलना करून बघा. डोळा सरावला, म्हणजे एका ग्रहाकडे सलग दहा-पंधरा मिनिटं बघत राहायची सवय लागली, की त्याच ४८ आणि १२० पटीत आधी न दिसलेले पट्टे दिसायला लागतात. शनीच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे, २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला जवळजवळ अगदी कडेवरून दिसत होती, एखादी रेघ ओढल्यासारखी, आणि तिथून ती हळूहळू पुन्हा उघडत जातात, २०३२ च्या सुमारास सगळ्यात जास्त उघडी असतील. त्यामुळे फोटोत दिसतो तसा रुंद कड्यांचा शनी दिसत नसेल तर तो दोष आयपीसचा नाहीये.

आता १० मिमीमधून धूसर दिसतं त्याबद्दल. नवीन आयपीस घ्यायच्या आधी हे तपासाच, नाहीतर नवा आयपीसही तसाच धूसर दाखवेल आणि तुमचा हिरमोड होईल. दुर्बीण घरातून बाहेर काढल्यावर आरसा बाहेरच्या हवेच्या तापमानाला यायला अर्धा ते एक तास लागतो, तोपर्यंत नळीत गरम हवा फिरत राहते. शनी क्षितिजाजवळ असेल तर त्याचा प्रकाश खूप जास्त हवेतून येतो, तो वर चढेपर्यंत थांबायचं. शेजारच्या छपरावरून किंवा काँक्रीटच्या मोठ्या पटांगणावरून बघत असाल तर दिवसभर तापलेलं ते सगळं रात्री उष्णता सोडत असतं, तेवढी दिशा टाळायची. आणि कॉलिमेशन, म्हणजे दोन आरसे एका रेषेत आहेत की नाही ते. एखादा मध्यम तेजस्वी तारा १० मिमीमध्ये बरोबर मधोमध आणा आणि फोकस थोडासा बिघडवा, ताऱ्याभोवती गोल वर्तुळं दिसतील, ती एकात एक नीट समकेंद्री असली पाहिजेत, मधली काळी सावली एका बाजूला सरकलेली असेल तर आरसे हललेत. हे सगळं ठीक असूनही चित्र थरथरतंय, क्षणभर स्पष्ट होतंय आणि परत बिघडतंय, तर ती हवा. थरथर नाही पण चित्र कायमच मऊ आहे, कुठेच टोकदार होत नाही, तर फोकस, कॉलिमेशन किंवा डोळा.

डोळ्याचं कसं ओळखायचं? चष्मा काढून २५ मिमीमधून एक तेजस्वी तारा बघा. तो ठिपका न दिसता त्याला फाटे फुटलेले दिसतील, तर डोकं हळूहळू डावीकडे-उजवीकडे तिरकं करा. फाटे डोक्याबरोबर फिरले तर ते तुमच्या सिलिंडर नंबरचे. मग आयपीस जागच्या जागी गोल फिरवा, त्याच्याबरोबर फिरले तर आयपीसचे. दोन्ही करून जिथल्या तिथे राहिले तर दुर्बिणीत बघायला पाहिजे.

इथून आपण खऱ्या मुद्द्यावर येतो. आयपीस निवडताना सगळे आधी किती पट ते विचारतात, पण तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाचे दोन आकडे आहेत, एक म्हणजे आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत किती जाड आहे आणि दुसरा, तो झोत पकडायला डोळा काचेपासून किती लांब ठेवता येतो. पहिल्याला एक्झिट प्युपिल म्हणतात, दुसऱ्याला आय रिलीफ.

एक्झिट प्युपिल काढायची सोपी पद्धत म्हणजे आयपीसच्या मिमीला दुर्बिणीच्या एफ रेशोने भागायचं. तुमची दुर्बीण एफ ८ आहे, १२०० भागिले १५०. म्हणून २५ मिमीचा झोत ३ मिमीच्या थोडा वर, १० मिमीचा सव्वा मिमी, ८ मिमीचा बरोबर १ मिमी, आणि ४ मिमीचा फक्त अर्धा मिमी. अर्ध्या मिमीच्या झोतात चित्र मंद होतं ते आहेच, पण त्याहून त्रासदायक गोष्ट अशी की आपल्याच डोळ्याच्या आत तरंगणारे जे बारीक ठिपके आणि धागे असतात ते ग्रहाच्या चकतीवर फिरताना दिसायला लागतात. वय वाढतं तसे ते वाढतात. मुलाला कदाचित नाही जाणवणार, तुम्हाला जाणवतील.

पण बारीक झोताचा तुम्हाला एक फायदाही आहे आणि तो बऱ्याच चष्मेवाल्यांना माहीतच नसतो. सिलिंडर नंबर म्हणजे डोळ्याचा पुढचा भाग सगळीकडून सारखा गोल नसणं. झोत ३-४ मिमी जाड असतो तेव्हा तो डोळ्याचा बराचसा भाग वापरतो आणि तो वाकडेपणा ताऱ्यांच्या आकारात दिसतो. झोत १ मिमीवर आला की डोळ्याचा मधला एवढासा तुकडाच कामाला लागतो आणि तेवढ्या तुकड्यात वाकडेपणा जवळपास जाणवत नाही. म्हणजे ग्रह बघताना, ८ मिमी लावून, तुम्ही चष्मा सरळ काढून ठेवू शकता! नंबर फारच जास्त असेल तर गोष्ट वेगळी, पण साधारण नंबराला चालून जातं. जवळचा किंवा लांबचा साधा नंबर तर कुठल्याच आयपीसला आड येत नाही, तो फोकस फिरवून भरून निघतो. वाचायचा चष्मा तर दुर्बिणीपाशी लागतच नाही.

मग म्हणाल की चष्मा काढायचाच आहे तर लांब आय रिलीफ कशाला. दोन कारणं आहेत. एक, तुम्ही चष्म्याशिवाय फोकस लावलात आणि मग मुलगा आला की त्याला परत फोकस फिरवावा लागतो, मग परत तुम्ही, परत तो, आणि प्रत्येक वेळी दुर्बीण हलते. तुम्ही चष्मा लावून बघितलंत तर दोघांना एकच फोकस चालतो, नुसती जागा बदलायची. दुसरं म्हणजे, आय रिलीफ कमी असेल तर चष्मा नसतानाही डोळा काचेला चिकटवून बसावं लागतं, पापण्यांचं तेल काचेला लागतं, श्वासाने काच धुकते, आणि लहान मुलं तर आयपीसलाच धरून उभी राहतात. प्लोसल जातीच्या आयपीसमध्ये आय रिलीफ साधारण फोकल लेंग्थच्या ७० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून तुमच्या २५ मिमीमध्ये तो बऱ्यापैकी आहे पण १० मिमीमध्ये जेमतेम ७ मिमी, चष्म्याच्या काचेतच तेवढं अंतर संपतं. तुम्हाला १० मिमीमधून "धड काही दिसत नाही" ते यामुळे. ४ मिमीचा साधा प्लोसल घेतलात तर तिथे ३ मिमीही मिळणार नाही. चष्मा लावून बघायचं तर निदान १५ मिमी पाहिजे, २० असेल तर उत्तम. हा आकडा आयपीसच्या माहितीत लिहिलेला असतो, नसेल लिहिलेला तर विकणाऱ्याला विचारा. काही आयपीसमध्ये वरची काच खोल बसवलेली असते किंवा वर रबराचा कप असतो, त्यामुळे प्रत्यक्षात मिळणारं अंतर छापलेल्या आकड्यापेक्षा थोडं कमी भरतं, म्हणून काठावरचा आकडा घेऊ नका. रबराचा कप खाली दुमडता येतो की नाही तेही बघा, चष्मेवाल्यांना तो दुमडावाच लागतो.

आता मुलाच्या तक्रारीकडे येतो, ग्रह पळून जातो ती. डॉब्सोनियन आपणच हाताने ढकलायची असते आणि आकाश तर सरकतच असतं, तासाला १५ अंश, म्हणजे मिनिटाला पाव अंश. आयपीसमधून एका वेळी किती आकाश दिसतं ते काढायला आयपीसच्या फील्डला, म्हणजे ५०, ६०, ६८ अंश जे काय लिहिलंय त्याला, मॅग्निफिकेशनने भागा. ५० अंशाचा ४ मिमी लावलात तर ५० भागिले ३००, अंशाचा सहावा हिस्सा, म्हणजे ग्रह एका कडेवरून दुसऱ्या कडेला ४० सेकंदांत पोचतो. एवढ्यात तुम्ही बाजूला होणार, मुलगा स्टुलावर चढणार, डोळा लावणार, फोकस करणार... गेला ग्रह. ६० अंशाचा ८ मिमी लावलात तर तोच प्रवास ९५ सेकंदांच्या आसपास होतो, दुपटीहून जास्त. आणि रुंद फील्डचा आयपीस म्हणजे खिडकीला नाक लावून बाहेर बघण्यासारखं असतं, अरुंद फील्डचा म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून त्याच खिडकीतून बघणं, बाहेरचं झाड तेवढंच दिसतं पण आजूबाजूचं काही कळत नाही. ढकलत ढकलत बघायच्या दुर्बिणीला याचा फार उपयोग होतो. एक युक्ती मुलाला आजच शिकवा, ग्रह मधोमध ठेवून जागा द्यायची नाही, तो ज्या कडेने आत येतो त्या कडेला ठेवायचा आणि मग बाजूला व्हायचं, म्हणजे पूर्ण फील्ड ओलांडायचा वेळ त्याला मिळतो.

रुंद फील्डची आवड लागली की माणसं ८२ आणि १०० अंशांपर्यंत जातात. ही वाट खरी उघडली ती १९८० च्या सुमारास, अल नॅग्लर यांनी ८२ अंशांचा आयपीस आणला तेव्हा. त्याआधी ते अंतराळवीरांच्या सरावासाठीच्या सिम्युलेटरची ऑप्टिक्स बनवत होते, चंद्रावर उतरायच्या सरावात खिडकीभर दृश्य दिसायला लागतं, ती रुंद दृष्टी त्यांनी दुर्बिणीत आणली. पण तुम्हाला आत्ता तेवढ्याची गरज नाही. एफ ८ चा तुम्हाला मोठा आधार आहे, आरशाकडून येणारा प्रकाश निमुळत्या कोनात येतो त्यामुळे साधे आयपीससुद्धा कडेपर्यंत बऱ्यापैकी टोकदार तारे दाखवतात. एफ ५ च्या दुर्बिणीत तेच आयपीस लावले तर कडेचे तारे पक्ष्यांसारखे पसरलेले दिसतात आणि तिथे मग भारी आयपीसला पर्याय राहत नाही. म्हणजे इतरांनी एखाद्या आयपीसबद्दल वाईट लिहिलेलं वाचलंत तर आधी त्यांच्या दुर्बिणीचा एफ रेशो किती ते बघा.

पेटीबद्दल. पाच प्लोसल, बार्लो, फिल्टर, सगळं कसं नीट खाचांमध्ये बसवलेलं, बघायला छान वाटतं हे मान्य. प्लोसल वाईट मुळीच नाहीत, व्हिएन्नाच्या गेओर्ग सिमॉन प्लोसल यांनी १८६० मध्ये केलेली ही रचना आजही टिकून आहे यातच सगळं आलं. पण तुमच्या बाबतीत हिशोब करून बघा, पेटीतले १० मिमीच्या खालचे जे आयपीस असतील ते चष्म्यामुळे आणि डोळा चिकटवण्यामुळे तुम्ही लावणारच नाही, वरचे दोन-तीन एकमेकांच्या इतके जवळचे असतात की अंधारात बदलायचा कंटाळा येतो, आणि रंगीत फिल्टर बहुतेकांचे खोक्यातच राहतात. पाचातले दोन वापरात येतील. त्याच पैशात दोन चांगले येतात, मग दोनच घ्यावेत ना.

बार्लोचं मात्र मी वाईट बोलणार नाही. पीटर बार्लो यांच्या नावाची ही भिंग, १८३३ पासूनची कल्पना आहे, आयपीसच्या आधी बसते आणि २ पट बार्लो असेल तर मॅग्निफिकेशन दुप्पट करते. चष्मेवाल्यांसाठी तिचा खास गुण म्हणजे मोठ्या आयपीसचा आय रिलीफ कमी होत नाही, उलट थोडा वाढतोच. तुमच्या २५ मिमीला २ पट बार्लो लावलीत तर साडेबारा मिमी होतो, ९६ पट, आणि डोळा आरामात लांब. पण बार्लो घ्यायची तर आयपीस असे निवडा की दुप्पट केल्यावर तेच तेच आकडे येणार नाहीत, २० आणि १० मिमी दोन्ही घेऊन वर बार्लो घेतली तर एक आयपीस फुकट गेला. आणि १० मिमीला बार्लो लावून २४० पट करायचा मोह होईल, तिथे वर सांगितलेलं हवेचं सगळं पुन्हा लागू होतं.

झूम आयपीसचं तुम्ही विचारलं नाहीये पण कुणीतरी सुचवेलच, ८ ते २४ मिमीचा. तुमच्या दुर्बिणीत तो ५० ते १५० पट देतो आणि एक फार चांगलं काम करतो, आज रात्री हवा किती पट सोसते ते फिरवता फिरवता कळतं. चष्मा लावूनही बरेचसे झूम जमतात. खोट एकच, २४ मिमीच्या टोकाला फील्ड ४० अंशांच्या आसपास आकसतं, म्हणजे जिथे रुंद आकाश पाहिजे तिथेच ते अरुंद होतं, तुमचा सोबत आलेला २५ मिमी त्याहून जास्त आकाश दाखवेल. म्हणून झूम घेतलात तरी २५ मिमी हातचा सोडू नका. ८ मिमीच्या ऐवजी झूम घेऊ का असं विचाराल तर, मुलगा सारखा आयपीस बदलायला सांगत असेल तर घ्या, चालेल. मला स्वतःला एकाच फोकल लेंग्थचा आयपीस जास्त आवडतो, फील्ड रुंद मिळतं आणि कडेपर्यंत चित्र स्वच्छ असतं.

दुसरा आयपीस, म्हणजे काही महिन्यांनी घ्यायचा, तो कमी पटीचा असू दे. लोक याला शेवटी ठेवतात पण आकाशातल्या कितीतरी सुंदर गोष्टी मोठ्या आहेत, लहान नाहीत. कृत्तिका जवळजवळ २ अंश पसरलेल्या आहेत, मृगातला तेजोमेघ अंशभर, ययातीतला जोडगुच्छही तेवढाच, देवयानी दीर्घिका तर ३ अंशांहून जास्त. तुमच्या २५ मिमीमध्ये साधारण १ अंश दिसतो. आता इथे आयपीसच्या नळीची जाडी आड येते, सव्वा इंची नळीतून कितीही धडपड केली तरी एका मर्यादेपलीकडे आकाश मावत नाही, तुमच्या दुर्बिणीत ते १.३ अंश. ३२ मिमीचा प्लोसल तेवढं दाखवतो आणि २४ मिमीचा ६८ अंशांचा आयपीसही अगदी तेवढंच दाखवतो. मग फरक काय, तर ३२ मध्ये ३७ पट आणि झोत ४ मिमी, २४ मध्ये ५० पट आणि झोत ३ मिमी. तुमच्याकडे दिव्यांचा उजेड आहे, ३२ मध्ये आकाशाची पार्श्वभूमी राखाडी दिसेल, २४ मध्ये जरा काळी होईल आणि फिके तारे उठून दिसतील. शिवाय ३ मिमी झोतात सिलिंडरचा त्रासही थोडा कमी. म्हणून उजेडाच्या अंगणातून मी २४ चा कौल देईन, पण त्याचा आय रिलीफ चष्म्याला पुरतोय का ते तपासूनच, कारण एवढ्या जाड झोताला तुम्हाला चष्मा लागणारच आहे. तो पुरत नसेल तर निमूटपणे ३२ मिमीचा प्लोसल घ्या, त्यात २० मिमीच्या वर आय रिलीफ मिळतो. दुर्बिणीचा फोकसर, म्हणजे आयपीस बसवायची नळी, २ इंची असेल, बऱ्याच डॉब्सोनियनचा असतो, तर ३० मिमीच्या आसपासचा ७० अंशांचा २ इंची आयपीस पावणेदोन अंश दाखवेल, कृत्तिका जवळपास पूर्ण. तो जड असतो, दुर्बीण पुढे झुकते का बघावं लागतं, मागच्या बाजूला थोडं वजन लावून ते सांभाळता येतं. फोकसर आधी मोजून घ्या, नाहीतर आयपीस घरी आणल्यावर बसणारच नाही.

आणि ४८ ते १५० मधली मोठी फट? तिथे शौरीतला एम १३ सारखे गोल तारकागुच्छ आणि दीर्घिका सगळ्यात छान दिसतात, २ मिमीच्या आसपासच्या झोतात, म्हणजे १५-१६ मिमीचा आयपीस. तो तिसरा. ५-६ मिमी चौथा, तोपर्यंत तुमच्या अंगणातली हवा किती सोसते ते तुम्हाला माहीत झालेलं असेल.

फिल्टरबद्दल एकच गोष्ट सांगतो आणि ती अगदी गांभीर्याने घ्या. कुठल्याही पेटीत किंवा जुन्या दुर्बिणीसोबत आयपीसला खालून फिरवून बसवायचा "सन" लिहिलेला गडद फिल्टर मिळाला तर तो वापरू नका, मुलाच्या हाती लागणार नाही असा टाकून द्या. आरशाने एकवटलेली सूर्याची उष्णता तिथे नेमकी त्या काचेवर पडते, काच तडकते आणि डोळा वाचवायला क्षणही मिळत नाही. सूर्य बघायचा तर दुर्बिणीच्या तोंडावर, पुढून घट्ट बसणारा, सूर्यासाठीच बनवलेला फिल्टरच पाहिजे, आणि फाइंडरचं, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचं, तोंडही झाकलेलं पाहिजे. चंद्र डोळ्यांना फार झगझगीत वाटत असेल तर फिल्टरऐवजी जवळचा एखादा दिवा लावून ठेवा, डोळे अंधाराला सरावलेले नसले की तो सुसह्य होतो.

आयपीस सारखे पुसायचे नसतात. धूळ हवेच्या रबरी फुग्याने उडवायची, पापणीचं तेल लागलं तरच लेन्सच्या कागदाने, लेन्सचं द्रव कागदाला लावून, काचेवर थेट ओतून नाही. दव पडायला लागलं की वापरात नसलेला आयपीस झाकण लावून खिशात ठेवा, गरम राहतो आणि धुकत नाही.

राहिला जुना १० मिमी. विकू नका. तुमच्या मुलाला चष्मा नसेल तर त्याच्यासाठी १२० पट अगदी सोयीची आहे, चंद्रावरची विवरं आणि अल्बिरिओसारखे जोडतारे त्याला त्यातून छान दिसतील, आणि वर सांगितलेली कॉलिमेशनची परीक्षाही त्याच आयपीसमधून करायची आहे. नवा ८ मिमी आला की एकाच रात्री, एकाच ग्रहावर, दोन्ही आळीपाळीने लावून बघा, आणि शनी वर चढलेला असताना चष्मा लावून व काढून, दोन्ही प्रकारे काय दिसलं ते मला जरूर लिहून पाठवा. १५-१६ मिमीचा कुठला घ्यायचा ते आपण त्यावरून ठरवू.